बायग्वानाइड औषधांचा इतिहास आणि लॅक्टेटचा प्रश्न : निरोगी व्यक्तींवरील अभ्यासांच्या संदर्भात

प्रस्तावना

मधुमेहावरील तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या इतिहासात बायग्वानाइड गटाचे स्थान वेगळे आहे. फेनफॉर्मिन आणि मेटफॉर्मिन ही या गटातील दोन प्रमुख औषधे १९५७ या एकाच वर्षी वैद्यकीय जगासमोर आली. रासायनिकदृष्ट्या ती एकमेकांची भावंडेच होत. असे असूनही त्यांतील पहिल्या औषधावर सुमारे वीस वर्षांत अमेरिकेत बंदी आली, तर दुसरे आज जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मधुमेहविरोधी औषधांपैकी एक आहे. या दोन औषधांच्या भवितव्याचा निर्णय ज्या पदार्थामुळे झाला तो पदार्थ म्हणजे लॅक्टेट, अर्थात दुग्धाम्लाचे रक्तातील रूप.

फेनफॉर्मिनने रक्तातील लॅक्टेट धोकादायक पातळीपर्यंत वाढते हे सिद्ध झाल्यावर तोच दोष मेटफॉर्मिनच्याही माथी मारला गेला. परिणामी अनेक दशके डॉक्टरांच्या मनात या औषधाविषयी धास्ती राहिली. ज्यांना त्याचा लाभ झाला असता अशा असंख्य रुग्णांना ते मिळाले नाही. दुसरीकडे, खरोखर घातक असलेले फेनफॉर्मिन भारतात २००३ पर्यंत कायद्याने बंद झाले नव्हते. भीती आणि धोका यांची ही गल्लत कशी झाली व ती कशी दूर झाली, हे समजून घेताना निरोगी व्यक्तींवर झालेल्या अभ्यासांचा मोठा उपयोग होतो. आजारी माणसाच्या शरीरात लॅक्टेट वाढण्याची कारणे अनेक असतात. रक्ताभिसरण मंदावणे, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाची दुर्बलता यांपैकी कशाचा वाटा किती हे ठरविणे कठीण जाते. निरोगी शरीरात मात्र औषधाचा स्वतःचा परिणाम स्वच्छपणे पाहता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लॅक्टेटविषयीच्या शास्त्रीय कल्पनांत झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
२) फेनफॉर्मिन व मेटफॉर्मिन यांच्या उदयाचा आणि भिन्न भवितव्याचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
३) निरोगी व्यक्तींच्या लॅक्टेट चयापचयावर या औषधांचा होणारा परिणाम स्पष्ट करणे.
४) भारत व महाराष्ट्राच्या, विशेषतः ग्रामीण मराठवाड्याच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय संशोधन, औषधविषयक शासकीय निर्णय व आरोग्य सर्वेक्षणे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन

१. लॅक्टेट : टाकाऊ पदार्थ की इंधन?

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळे केले. तेच लॅक्टिक आम्ल किंवा दुग्धाम्ल होय. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्झेलियस याला हेच आम्ल प्राण्यांच्या स्नायूंत आढळले. पुढे १९०७ मध्ये केंब्रिज येथे फ्लेचर व हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून असे दाखविले की, ऑक्सिजनच्या अभावी स्नायू आकुंचन पावत असता त्यांत लॅक्टिक आम्ल साचते व ऑक्सिजन मिळताच ते कमी होते. या प्रयोगांमुळे लॅक्टेट म्हणजे प्राणवायूच्या कमतरतेत तयार होणारा थकव्याचा टाकाऊ पदार्थ, अशी समजूत रूढ झाली. ती शालेय पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकून राहिली.

या समजुतीला पहिला मोठा छेद कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याच्या संशोधनाने दिला. स्नायूंत तयार झालेले लॅक्टेट रक्तावाटे यकृतात जाते, तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते आणि ते ग्लुकोज परत स्नायूंकडे येते, हे चक्र त्यांनी १९२९ मध्ये मांडले. ते ‘कोरी चक्र’ या नावाने ओळखले जाते. या दांपत्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी, लॅक्टेट हे एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे वाहून नेले जाणारे इंधनच आहे, असा विचार मांडला.

आज असे मानले जाते की, विश्रांतीच्या स्थितीतही निरोगी प्रौढाच्या शरीरात दररोज सुमारे १,५०० मिलिमोल, म्हणजे सव्वाशे ग्रॅमहून थोडे अधिक लॅक्टेट तयार होते. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसल्याने त्या केवळ ग्लुकोज-विघटनावर जगतात व सतत लॅक्टेट निर्माण करतात. त्वचा, मेंदू, स्नायू आणि आतडी यांचाही त्यात वाटा असतो. जेवढे तयार होते तेवढेच प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंड वापरून टाकतात, म्हणून रक्तातील पातळी दर लिटरला साधारणतः ०.५ ते २ मिलिमोल एवढीच राहते. ही पातळी ५ मिलिमोलच्या वर जाऊन रक्ताची आम्लताही वाढली, तर त्या अवस्थेला लॅक्टिक आम्लविकार म्हणतात. कोहेन व वुड्स यांनी १९७६ मध्ये या विकाराचे दोन प्रकार केले. ऊतींना प्राणवायू कमी पडल्याने होणारा तो पहिला आणि तशी कमतरता उघडपणे नसतानाही औषधे, विषारी द्रव्ये किंवा यकृताचे विकार यांमुळे होणारा तो दुसरा. बायग्वानाइड औषधांचा उल्लेख या दुसऱ्या प्रकारात झाला.

तात्पर्य, रक्तातील लॅक्टेट म्हणजे आवक आणि जावक यांचा ताळेबंद होय. एखाद्या औषधाने आवक थोडी वाढविली आणि जावक शाबूत राहिली तर पातळी किंचितच वर जाते. जावकच बंद पडली तर मात्र तीच आवक प्राणावर बेतू शकते. पुढील सर्व इतिहास समजण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. वनस्पतीपासून गोळीपर्यंत

बायग्वानाइड औषधांचे मूळ ‘गॅलेगा ऑफिसिनॅलिस’ या युरोपीय शेंगवर्गीय वनस्पतीत सापडते. ही वनस्पती चरण्यात आल्यास जनावरांना विषबाधा होते. तिच्यातील गॅलेजिन हे द्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज तान्रे यांनी १९१४ मध्ये ओळखले. १९१८ मध्ये वातानाबे या संशोधकाला, गॅलेजिनच्याच कुळातील ग्वानिडीन हे रसायन दिल्यास सशांची रक्तशर्करा उतरते, असे आढळले. ग्वानिडीन स्वतः औषध म्हणून वापरण्यास फार विषारी होते. त्यामुळे त्याची सौम्य रूपे शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला. जर्मनीत १९२६ पासून ‘सिंथॅलिन’ हे औषध रुग्णांना दिले जाऊ लागले, पण यकृताला अपाय होत असल्याने ते मागे पडले.

मेटफॉर्मिनचे रसायन डब्लिन येथे एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी १९२२ मध्ये तयार केले. हे वर्ष अर्थपूर्ण आहे. याच वर्षाच्या जानेवारीत टोरांटो येथे मधुमेही मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. इन्सुलिनच्या यशाने सारे लक्ष वेधून घेतले आणि डब्लिनचे रसायन प्रयोगशाळेच्या कपाटात राहिले. १९२९ मध्ये स्लोटा व चेशे यांनी ते सशांची रक्तशर्करा कमी करते हे नोंदविले, तरीही माणसांवर त्याचा वापर करण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

विस्मृतीत गेलेला हा धागा पुन्हा हाती आला तो हिवतापाच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शोधलेले प्रोग्वानिल, म्हणजेच पॅल्युड्रिन, हे हिवतापावरील औषध बायग्वानाइड रचनेचेच होते व त्याने प्राण्यांची रक्तशर्करा उतरते असे दिसून आले. फिलिपाइन्समध्ये युसेबियो गार्सिया यांनी १९४९ च्या सुमारास मेटफॉर्मिन फ्लूच्या रुग्णांना दिले व काहींची रक्तशर्करा घटल्याचे नोंदविले. या नोंदीकडे पॅरिसमधील वैद्य जाँ स्टर्न यांचे लक्ष गेले. त्यांनी अनेक द्रव्यांची तुलना करून मेटफॉर्मिनची निवड केली आणि १९५७ मध्ये मधुमेही रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘ग्लुकोज खाणारा’ या अर्थाचे ‘ग्लुकोफाज’ हे नाव त्यांनीच औषधाला दिले.

३. फेनफॉर्मिनचा उदय आणि अस्त

त्याच वर्षी अमेरिकेत यू. एस. व्हिटॅमिन कॉर्पोरेशन या कंपनीच्या उंगर व सहकाऱ्यांनी फेनफॉर्मिन पुढे आणले. ते मेटफॉर्मिनपेक्षा अधिक प्रभावी होते. मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला एक-दोन ग्रॅम, तर फेनफॉर्मिनची मात्रा जेमतेम १०० मिलिग्रॅमच्या आसपास पुरत असे. साहजिकच १९६० च्या दशकात फेनफॉर्मिनचा बोलबाला झाला व मेटफॉर्मिन फ्रान्स, ब्रिटन यांसारख्या मोजक्या देशांपुरते राहिले.

धोक्याची पहिली सूचना लवकरच मिळाली होती. १९५९ मध्येच ब्रिटनमध्ये वॉकर व लिंटन यांनी फेनफॉर्मिनच्या धोकादायक दुष्परिणामाविषयी लिहिले. पुढील काळात लॅक्टेटचे मापन रुग्णालयांत होऊ लागले तशी अशा रुग्णांची संख्या वाढताना दिसली. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या मोठ्या मधुमेह चाचणीत फेनफॉर्मिन घेणाऱ्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळल्याने १९७१ मध्ये त्या गटातील औषध थांबविण्यात आले. अखेर जुलै १९७७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी हे औषध म्हणजे जनतेला तातडीचा धोका असल्याचे जाहीर केले व ते बाजारातून काढण्यात आले. १९७८ मध्ये जर्मनीतील लुफ्त व सहकाऱ्यांनी लॅक्टिक आम्लविकाराच्या ३३० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्य रुग्ण फेनफॉर्मिन घेणारे होते, मेटफॉर्मिन घेणारे मोजकेच होते आणि एकूण रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले होते.

येथेच इतिहासाने चुकीचे वळण घेतले. आकडे दोन औषधांतील फरक स्पष्टपणे सांगत असतानाही ‘बायग्वानाइड म्हणजे लॅक्टिक आम्लविकार’ असे समीकरण रूढ झाले. फेनफॉर्मिनच्या बाबतीत दर एक लाख रुग्ण-वर्षांमागे सुमारे ४० ते ६४ रुग्णांना हा विकार होत असे, तर मेटफॉर्मिनच्या बाबतीत हे प्रमाण दहाच्या आत होते. तरीही अमेरिकेने मेटफॉर्मिनला मान्यता दिली ती डिसेंबर १९९४ मध्ये. ब्रिटनमध्ये ते वापरात आल्यानंतर ही साडेतीन दशकांहून अधिक काळाची दिरंगाई होती.

४. निरोगी व्यक्तींवरील अभ्यासांनी केलेला उलगडा

दोन भावंड औषधांत एवढा फरक का, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासांतून मिळाले. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात ओट्स व सहकाऱ्यांनी १९८२ व १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत निरोगी माणसांना फेनफॉर्मिन देऊन त्यांच्या मूत्राची व रक्ताची तपासणी केली. फेनफॉर्मिनचा काही भाग यकृतातील एका विकराकडून निष्प्रभ केला जातो. पुढे ‘सीवायपी २डी६’ या नावाने ओळखले गेलेले हे विकर सर्वांत सारखे कार्यक्षम नसते. काही व्यक्तींत ते जन्मतःच दुर्बल असते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे ५ ते १० टक्के लोक आढळतात. अशा निरोगी व्यक्तींना फेनफॉर्मिनची तीच मात्रा दिली असता त्यांच्या रक्तात औषध अधिक साचले व लॅक्टेटही अधिक वाढले. म्हणजे पूर्णतः धडधाकट दिसणाऱ्या माणसातही हे औषध कोणाला बाधेल हे बाहेरून ओळखता येत नव्हते.

हे विकर भारतीयांतही सर्वत्र सारखे नाही. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञांनी पश्चिम भारतातील निरोगी प्रौढांत या विकराच्या कार्यक्षमतेची तपासणी करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुर्बल विकर असणारे भारतीय युरोपीयांच्या तुलनेत थोडे आहेत, तरी लोकसंख्येच्या आकारामुळे त्यांची संख्या नगण्य म्हणता येत नाही.

मेटफॉर्मिनची गोष्ट वेगळी निघाली. टकर व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये निरोगी व मधुमेही अशा दोन्ही प्रकारच्या व्यक्तींत या औषधाचा प्रवास तपासला. मेटफॉर्मिन यकृतात बदलत नाही. जसे रक्तात येते तसेच ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते व निरोगी मूत्रपिंड काही तासांतच त्याचा बहुतांश निचरा करते. त्यामुळे आनुवंशिक विकरदुर्बलतेचा फेनफॉर्मिनसारखा प्रश्न येथे उद्भवत नाही. मूत्रपिंड ठीक असेपर्यंत औषध साचत नाही. शिवाय फेनफॉर्मिन स्निग्ध पदार्थांत सहज मिसळत असल्याने तंतुकणिकांच्या पटलांना अधिक चिकटते. मेटफॉर्मिन पाण्यात विरघळणारे असल्याने त्याची ही क्रिया सौम्य असते.

मग निरोगी माणसाने मेटफॉर्मिन घेतल्यास लॅक्टेटचे काय होते? उपाशीपोटी पातळीत विशेष फरक पडत नाही. जेवणानंतर मात्र ती थोडी अधिक वाढते, पण सर्वसामान्य मर्यादेच्या आसपासच राहते. या वाढीची दोन मुख्य कारणे सांगितली जातात. पहिले कारण आतड्यात आहे. तोंडाने घेतलेले मेटफॉर्मिन आतड्याच्या भिंतीत रक्तापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात साठते. तेथील पेशी ग्लुकोज अधिक वापरू लागतात व त्याचे लॅक्टेट करून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात सोडतात. ब्रिटनमधील बेली व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हे प्राण्यांत दाखविले. माणसांतील याचा पुरावा कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पेट स्कॅनमध्ये मिळतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या व्यक्तींची आतडी या चित्रात ठळक उजळलेली दिसतात.

दुसरे कारण यकृतात आहे. तंतुकणिकांतील श्वसनसाखळीचा पहिला टप्पा मेटफॉर्मिनने मंदावतो हे २००० मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी दाखविले. २०१४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी लॅक्टेटपासून ग्लुकोज बनण्याच्या वाटेवरील आणखी एका विकरावर त्याचा परिणाम होत असल्याचे मांडले. नेमके प्रमुख स्थान कोणते याविषयी अद्याप एकमत नाही. परंतु यकृताची लॅक्टेट वापरून ग्लुकोज तयार करण्याची गती कमी होते, हा मधुमेहावरील उपचाराचाच एक भाग समजला जातो. दुसऱ्या शब्दांत, लॅक्टेटमधील ही अल्प वाढ म्हणजे औषधाने केलेला अपघात नसून औषध काम करीत असल्याची खूण होय.

निरोगी शरीराचे आणखी एक वैशिष्ट्य येथे नोंदविले पाहिजे. मेटफॉर्मिनने निरोगी व्यक्तीची रक्तशर्करा सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. डेन्मार्कमधील गोर्मसेन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये, मधुमेह नसलेल्या व्यक्तींत मेटफॉर्मिनमुळे शरीरांतर्गत ग्लुकोजनिर्मिती कमी होण्याऐवजी वाढते, असे नोंदविले. आतडी अधिक ग्लुकोज वापरतात व यकृत ती उणीव भरून काढते, असा याचा अर्थ लावता येतो. कोरी दांपत्याने स्नायू व यकृत यांच्यात दाखविलेल्या चक्रासारखेच चक्र येथे आतडी व यकृत यांच्यात फिरत असावे.

२०२४ मध्ये या विषयाला नवे परिमाण लाभले. लॅक्टेट व फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल यांच्या संयोगातून तयार होणारे एक द्रव्य व्यायामानंतर रक्तात वाढते व भूक मंदावते, हे आधी माहीत झाले होते. तेच द्रव्य मेटफॉर्मिननेही वाढते आणि या औषधाने होणाऱ्या वजनघटीत त्याचा सहभाग असतो, असे निष्कर्ष त्या वर्षी प्रसिद्ध झाले. ज्या लॅक्टेटने या औषधाला बदनाम केले होते, तेच त्याच्या एका गुणाचे साधन ठरत आहे.

५. मेटफॉर्मिनचे पुनर्मूल्यांकन

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घकालीन मधुमेह अभ्यासाने मेटफॉर्मिनचे स्थान पक्के केले. वजन अधिक असलेल्या रुग्णांत या औषधाने मधुमेहाशी संबंधित मृत्यू ४२ टक्क्यांनी, तर सर्व कारणांनी होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले. लॅक्टेटविषयीच्या भीतीची शहानिशा सॅल्पीटर व सहकाऱ्यांनी केली. त्यांच्या २०१० च्या आढाव्यात ३४७ अभ्यासांतील मेटफॉर्मिनच्या ७०,४९० रुग्ण-वर्षांत लॅक्टिक आम्लविकाराचा एकही रुग्ण आढळला नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नियम सैल केले. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्याऐवजी मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा निकष आला. ही क्षमता ३० च्या खाली असल्यास औषध वर्ज्य आणि ३० ते ४५ च्या दरम्यान असल्यास नव्याने सुरू करू नये, असे ठरले.

तथापि या निष्कर्षांवरून धोका मुळीच नाही असे समजणे चुकीचे ठरेल. चाचण्यांत सहभागी होणारे रुग्ण निवडक असतात. मूत्रपिंड निकामी होत असता औषध चालू ठेवल्यास, मोठी मात्रा एकदम घेतल्यास, अतिमद्यपान असल्यास किंवा गंभीर जंतुसंसर्गात मेटफॉर्मिन साचून लॅक्टिक आम्लविकार होऊ शकतो व तो प्राणघातकही ठरतो. हे रुग्ण निरोगी व्यक्तींहून वेगळे ठरतात ते औषधामुळे नव्हे, तर निचऱ्याची वाट बंद झाल्यामुळे.

६. भारत व महाराष्ट्राचा संदर्भ

या इतिहासाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. फेनफॉर्मिन पुढे आणणाऱ्या अमेरिकन यू. एस. व्हिटॅमिन कंपनीच्या सहकार्याने विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी १९६१ मध्ये मुंबईत यूएसव्ही ही कंपनी स्थापन केली. कालांतराने ही कंपनी पूर्णतः भारतीय झाली आणि तिचे ‘ग्लायकोमेट’ हे मेटफॉर्मिनचे उत्पादन देशातील सर्वाधिक परिचित औषधनामांपैकी एक बनले. ज्या नावाचा उगम फेनफॉर्मिनच्या कंपनीत होता, ते नाव भारतात मेटफॉर्मिनशी जोडले गेले, हा या दोन औषधांच्या इतिहासातील लक्षणीय योगायोग होय.

कायद्याची पावले मात्र मंद पडली. अमेरिकेतील बंदीनंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १ ऑक्टोबर २००३ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेने भारतात फेनफॉर्मिनच्या उत्पादन व विक्रीवर बंदी आली. या मधल्या काळात जगभर ज्ञात झालेला धोका भारतीय रुग्णाच्या दाराशी मात्र कायद्याने अडविला गेला नव्हता. औषधविषयक ज्ञान आणि औषधविषयक नियमन यांतील हे अंतर भारतीय आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

दरम्यान रोगाचे स्वरूप बदलले. मुंबईत १९६३ मध्ये पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सुमारे १.५ टक्के आढळले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्या तरी वाढीची दिशा त्यातून स्पष्ट होते. महत्त्वाची बाब अशी की, २०११ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही हे प्रमाण ६.५ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय निष्कर्षांनुसार देशात १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. मेटफॉर्मिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून ते स्वस्त आहे.

शिवाय आता मधुमेह नसलेल्या व्यक्तीही हे औषध घेऊ लागल्या आहेत. चेन्नई येथील रामचंद्रन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांत मेटफॉर्मिनने मधुमेहाचा धोका २६.४ टक्क्यांनी, तर आहार-व्यायामाने २८.५ टक्क्यांनी घटला. स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या विकारातही त्याचा वापर होतो. त्यामुळे निरोगी वा जवळजवळ निरोगी शरीरात हे औषध काय करते, हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

७. ग्रामीण मराठवाड्यासाठी या इतिहासाचा अर्थ

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, नांदेड-हिंगोली मार्गावरील आखाडा बाळापूरसारख्या गावात लॅक्टेटची तपासणी सहजसाध्य मानता येत नाही. त्या तपासणीसाठी फ्लोराइडयुक्त नळी लागते, दंड फार वेळ आवळून रक्त घेता येत नाही, नमुना थंड ठेवावा लागतो व तो लवकर तपासावा लागतो. एरवी नळीतील रक्तपेशीच लॅक्टेट तयार करीत राहतात व आकडा खोटा वाढतो.

परंतु वरील इतिहास असे सांगतो की, सामान्य रुग्णासाठी ही तपासणी नित्य करण्याची गरजही नाही. धोका ओळखण्याची किल्ली लॅक्टेटच्या आकड्यात नसून मूत्रपिंडाच्या कार्यात आहे आणि त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिनची साधी तपासणी पुरेशी असते. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमामुळे मधुमेहाची तपासणी व औषधे ग्रामीण आरोग्यसंस्थांपर्यंत पोहोचविण्याचे धोरण आखले गेले. गोळीसोबत वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिनची तपासणीही रुग्णापर्यंत पोहोचणे तितकेच अगत्याचे आहे.

दुसरी बाब ऋतुमानाशी निगडित आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते व शेतातील कामे भर उन्हात चालतात. उन्हाचा तडाखा, हगवण किंवा सततच्या उलट्या यांनी शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो. एरवी ठणठणीत असलेला मधुमेही अशा दोन-तीन दिवसांत निरोगी शरीराच्या संरक्षणाला मुकतो. अशा आजारपणात मेटफॉर्मिन तात्पुरते थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, ही सूचना आज सर्वमान्य आहे. ती रुग्णाच्या भाषेत, गोळ्यांचे पाकीट हाती देतानाच सांगितली गेली पाहिजे. याउलट, ‘या गोळीने मूत्रपिंड खराब होते’ या ऐकीव समजुतीपोटी गोळी कायमची सोडणेही तितकेच हानिकारक आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवीत नाही, बिघडलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही, हा भेद रुग्णास समजणे महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष

१) लॅक्टेट हा केवळ टाकाऊ पदार्थ नसून शरीरात सतत तयार होणारे व वापरले जाणारे इंधन आहे. त्याची पातळी निर्मिती व निचरा यांच्या समतोलावर अवलंबून असते.
२) निरोगी व्यक्तींत मेटफॉर्मिनने लॅक्टेट अल्प प्रमाणात, मुख्यतः जेवणानंतर वाढते. ही वाढ औषधाच्या आतड्यातील व यकृतातील कार्याचा भाग आहे.
३) फेनफॉर्मिनचा धोका निरोगी व्यक्तींतही आनुवंशिक विकरदुर्बलतेमुळे संभवत होता. मेटफॉर्मिन न बदलता मूत्रावाटे जात असल्याने त्याचा धोका मुख्यतः मूत्रपिंडाच्या दुर्बलतेशी व गंभीर आजारपणाशी निगडित आहे.
४) दोन्ही औषधांना एकाच मापाने मोजल्यामुळे सुरक्षित औषधाच्या वापरास विलंब झाला, तर भारतात घातक औषधावरील बंदीस २००३ पर्यंत विलंब झाला.
५) ग्रामीण भागात लॅक्टेटच्या तपासणीपेक्षा क्रिएटिनिनची नियमित तपासणी व आजारपणातील सूचनांचा प्रसार अधिक उपयुक्त आहे.

समारोप

शेलेने आंबलेल्या दुधातून वेगळे केलेल्या आम्लापासून आजच्या औषधशास्त्रापर्यंतचा हा सुमारे अडीचशे वर्षांचा प्रवास आहे. एका औषधाचा अपराध दुसऱ्याच्या नावे लिहिला गेला आणि तो पुसण्यास काही दशके लागली. निरोगी माणसांनी स्वेच्छेने दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांनी हे कोडे उलगडण्यास मोठा हातभार लावला. या ज्ञानाचा लाभ महानगरातील रुग्णालयांपुरता न राहता कळमनुरी तालुक्यातील शेतमजुरापर्यंत पोहोचावा, यासाठी औषधाच्या गोळीबरोबर तिच्याविषयीची अचूक माहितीही गावापर्यंत जाणे आवश्यक आहे.